अपडेटनंतर बंद पडलेलं लॉक, प्रिंटर आणि बाकी मंडळी

इंदूरला रामबागेत मी घरूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करायचं काम करते. लग्नाच्या, मुंजीच्या पत्रिका, मंडळांचे वार्षिक अहवाल, वर्षाकाठी एखादी स्मरणिका. गावात मराठी मॅटर टाइप करून देणारे आता फारसे उरले नाहीत, त्यामुळे तुळशीचं लग्न जवळ आलं की फोन वाजायला लागतात. सासऱ्यांचा छोटा छापखाना होता. ते गेल्यावर मशीन विकलं, पण त्यांनी २०११ मध्ये घेतलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं लॉक माझ्याकडे राहिलं. लॉक म्हणजे बोटाच्या पेराएवढा यूएसबीचा तुकडा. तो सीपीयूला लावलेला असेल तरच सॉफ्टवेअर उघडतं.

गेल्या ऑक्टोबरात सिस्टिम अपडेट केली आणि हे लॉक बंद पडलं. जोडीला प्रिंटर, स्कॅनर आणि हेडफोनही. सगळं मार्गी लागायला नोव्हेंबर उजाडला. त्या दिवसांत इकडून तिकडून जे गोळा करावं लागलं ते मराठीत एका जागी मला मिळालं नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

अपडेट टाळण्यासारखं नव्हतं. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, हे पडद्यावर केव्हापासून येत होतं. नाव नोंदवून ती आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, चालू ठेवायची सोय होती. पण "पुढच्या वर्षी करायचंच आहे ना, मग आत्ताच उरकून टाक," असं ह्यांचं म्हणणं पडलं. त्याच कॉम्प्युटरवर मी बँकही उघडते, त्यामुळे मलाही ते पटलं.

शनिवारी, ११ ऑक्टोबरला नेहमीचा टेक्निशियन घरी आला. आधी त्याने पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत ॲप चालवलं. आमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ ला चालण्यासारखा निघाला, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम नावाचं सुरक्षेचं साधन बंद होतं. ते त्याने चालू केलं आणि सोबत सिक्युअर बूटही (सुरू होताना फक्त खात्रीच्या सहीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू केलं. हे सिक्युअर बूट लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. जेवणं झाल्यावर लावलेलं अपग्रेड दिवेलागणीपर्यंत चाललं. फाइली जागच्या जागी होत्या, डेस्कटॉपवरचा गणपतीसुद्धा हलला नव्हता. त्याने ६०० रुपये घेतले, चहा घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले तेव्हा एकेक गोष्ट कळत गेली. सॉफ्टवेअर म्हणालं, लॉक सापडत नाही. प्रिंटरला पान पाठवलं तर ऑफलाइन. स्कॅनर यादीतच नाही. हेडफोन मुके.

छापखान्यात मशीन अडलं की सासरे आधी बेल्ट, मग शाई, मग कागद असं एकेक बघायचे, सगळं एकदम उघडून बसायचे नाहीत. मीही वही घेतली आणि प्रत्येक वस्तूसमोर तीन प्रश्न लिहिले: दिवा लागतो का, विंडोजला ती दिसते का, काम करते का. पुढे प्रत्येक ठिकाणी ह्याच वहीचा उपयोग झाला, कारण तिन्हींची औषधं वेगळी आहेत. दिवाच लागत नसेल तर वायर, पोर्ट, वीज बघायची. दिवा लागतो पण विंडोजला वस्तू दिसत नाही किंवा "अननोन" म्हणून दिसते, तर गाडी ड्रायव्हरकडे, म्हणजे वस्तू विंडोजशी जोडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे वळते. आणि दिसते पण काम करत नाही, तर बहुतेक वेळा सेटिंग कुठेतरी बदललेलं असतं. लोक पहिल्या दुखण्यावर तिसरं औषध करतात आणि शेवटी चांगली वस्तू टाकून देतात.

वस्तू विंडोजला दिसते का, हे डिव्हाइस मॅनेजरमध्ये कळतं. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की यादीत ते नाव येतं. ज्या वस्तूवर पिवळा त्रिकोण असेल तिच्यावर डबल क्लिक केलं की खाली एक वाक्य आणि कोड नंबर लिहिलेला असतो. आपण वाक्य वाचून घाबरतो आणि नंबर सोडून देतो, पण कामाचा नंबरच असतो. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. १० म्हणजे वस्तू सुरू होऊ शकत नाही. ४३ म्हणजे वस्तूने स्वतःच गडबड कळवली म्हणून विंडोजने तिला थांबवलं. इथे आधी वायर आणि पोर्ट बदलून बघावं. ५२ म्हणजे ड्रायव्हरवरच्या डिजिटल सहीची (तो कुणी बनवला ह्याच्या खुणेची) खात्री पटत नाही. नंबर वहीत लिहा, पडद्याचा फोटो काढा. पुढे फोनवर ज्याच्याशी बोलाल तो पहिल्यांदा हेच विचारणार.

आणखी एक. शट डाउन करून पुन्हा चालू करणं आणि रीस्टार्ट करणं ह्यांत फरक आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा काही भाग डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. रीस्टार्ट केलं की सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून अपडेटनंतर काहीही बंद पडलं तर आधी रीस्टार्ट. मग सीपीयूची मुख्य वायर काढून त्याचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, साचलेली वीज निघून जाते. माझं ह्यातलं कशानेच सुटलं नाही, पण फुकटचे उपाय आधी करावेत.

हेडफोनचं दुखणं अगदीच किरकोळ निघालं. अपडेटनंतर आवाज मॉनिटरकडे जात होता आणि माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाही. खालच्या पट्टीवर स्पीकरच्या चिन्हाशेजारी आउटपुट निवडायची यादी असते, तिथे हेडफोन निवडला की झालं. माइक चालत नसेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बघा. पुढे.

प्रिंटरने जास्त खेळवलं. आमचा लेझर आहे, एकातच प्रिंटर आणि स्कॅनर, यूएसबी वायरवर चालणारा. प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या यादीत तो दोनदा दिसत होता, एकदा साध्या नावाने आणि एकदा पुढे "कॉपी १" लावून. झालं होतं असं की अपग्रेडनंतर विंडोजने त्याला नव्याने ओळखलं आणि नवीन पोर्ट दिलं, यूएसबी ००२. कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून जाणारी पानं मात्र जुन्या नावाकडे, यूएसबी ००१ वर जात होती, जिथे आता कुणीच नव्हतं. जुन्या नावाच्या प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सचा टॅब आहे, तिथे ००२ वर टिक केली आणि अडकलेली सगळी पानं धडाधड बाहेर आली. तुमच्याकडे ती रांगेतच अडकून राहिली तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, थांबवायचं, सिस्टिम ३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आत प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे ते रिकामं करायचं आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचं. "डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या" हे सेटिंगही बंद करून टाका.

छपाई सुरू झाली म्हणून खूश होते, तेवढ्यात सोमवारी ट्रेसिंग काढलं. छोट्या ऑफसेट छापखान्यांना छपाईची प्लेट करायला आम्ही अजून ट्रेसिंग पेपरवर प्रिंट देतो. पान बाहेर आलं, दिसायला काळंभोर, पण बोट फिरवलं तर "शुभविवाह"मधला "शु" बोटाला लागला. टोनर कागदावर धरलाच नव्हता. जाड कागद, ट्रान्सपरन्सी असा कागदाचा प्रकार निवडायची जी यादी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये असायची, ती गायब होती. कारण असं, की अपग्रेडनंतर विंडोजने स्वतःजवळचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावला होता. त्याने साधं पान छापता येतं, पण त्या मॉडेलच्या खास सोयी मिळत नाहीत, आणि स्कॅनर तर त्यात नसतोच. म्हणजे ट्रेसिंग आणि स्कॅनर ही दोन वेगळी दुखणी नव्हती.

त्यासाठी कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर लागतो. प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवरून मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून घ्या, कारण शेवटचं एक अक्षर बदललं तरी मॉडेल वेगळं असू शकतं. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर नसेल तर विंडोज १० चा ६४ बिटचा घ्या, माझ्याकडे तोच चालला. टाकण्यापूर्वी यादीतले दोन्ही प्रिंटर काढले, मग प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर्सच्या टॅबवर जाऊन जुनं पॅकेजही काढलं. यूएसबी वायर काढून ठेवायची आणि सेटअप सांगेल तेव्हाच लावायची. आधीच लावली की विंडोज पुन्हा आपला सर्वसाधारण ड्रायव्हर पुढे करते.

इथे एक इशारा. ड्रायव्हर शोधताना वर येणाऱ्या कितीतरी साइट कंपनीच्या नसतात. "तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करा" म्हणणारी ॲप घेऊ नका. तसंच "कस्टमर केअर" म्हणून शोधल्यावर येणारा पहिला नंबर लावू नका. नंबर बिलावरून किंवा डब्यावरून घ्या. समोरचा कॉम्प्युटरचा ताबा मागायला लागला किंवा ओटीपी विचारायला लागला तर फोन ठेवून द्या.

आता लॉक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते "अननोन डिव्हाइस" होतं, कोड २८. सीडीवरचा जुना ड्रायव्हर टाकला तर २८ चा ५२ झाला. रोल बॅक ड्रायव्हर हे बटण फिकट. आधीचा ड्रायव्हर साठवलेला नसला की ते दाबताच येत नाही. प्रॉपर्टीजच्या डीटेल्स टॅबवर हार्डवेअर आयडीज निवडलं की व्हीआयडी आणि पीआयडी असे चार-चार अक्षरांचे दोन आकडे दिसतात. वस्तूवर नावगाव काही नसेल तर तिची ओळख ह्या आकड्यांवरून लागते.

मंगळवारी सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला. वेळ दहा ते सहा, मधे जेवणाची सुट्टी. फोनवरची मुलगी मराठी बोलणारी. तिने पहिला प्रश्न केला, "ताई, लॉकवरचा नंबर वाचून सांगता का?" तो इतका बारीक कोरलेला आणि इतक्या वर्षांत झिजलेला, की ह्यांनी भिंग आणून टॉर्च धरला तेव्हा वाचता आला. (नंबर आजच लिहून ठेवा, लॉक नीट चालत असतानाच.) तिने तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला आणि म्हणाली, "लॉक दुसऱ्या विंडोज १० वर लागतंय का तेवढं बघा. लागलं तर सर एक-दोन दिवसांत मेल करतील."

घरी दुसरा कॉम्प्युटर नाही, म्हणून बुधवारी आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला गेले. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांसाठी इंदूरकर तिथेच जातात. दिवाळी तोंडावर, पार्किंगला जागा नाही. एका दुकानातल्या मुलाने त्याच्या जुन्या विंडोज १० वर लॉक लावलं, सीडीवरचा ड्रायव्हर टाकला, आणि लॉकचा हिरवा दिवा लागला. "मैडम, लॉक तो जिंदा है। ड्राइवर मर गया है।" इतकं नेमकं निदान मला तोवर कुणी दिलं नव्हतं. त्याने पैसे घेतले नाहीत, म्हणून मीच १५० रुपयांचा पॉवरवाला यूएसबी हब घेतला, तो अजून कामात येतो.

पण त्याने पुढे सुचवलेला उपाय मी केला नाही. तो म्हणत होता, रिकव्हरीच्या पडद्यातून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जायचं आणि सात नंबर दाबून ड्रायव्हरच्या सहीची तपासणी बंद करायची. ती तपासणी पुढच्या रीस्टार्टपर्यंतच बंद राहते, म्हणजे रोज सकाळी हा खटाटोप. शिवाय त्याच सुमाराला पुण्याच्या भाच्याने फोन करून सांगितलं की १४ ऑक्टोबरच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या रिकव्हरी पडद्यावर यूएसबी माउस आणि कीबोर्ड चालत नाहीत, तिकडे जाऊ नकोस. त्याची दुरुस्ती २० ऑक्टोबरला वेगळ्या अपडेटने आली. आता तो प्रश्न नाही, पण अपडेटच्या पहिल्या आठवड्यात अशा पडद्यांपासून लांब राहिलेलं बरं.

दुसरा सल्ला होता सिक्युअर बूट बंद करायचा. त्याने कदाचित काम झालंही असतं. पण ज्या कॉम्प्युटरवर बँक उघडते तिथे मला ते नको होतं. कुणाला करायचंच असेल तर आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये असा बदल केल्यावर कॉम्प्युटर ती मागू शकतो, आणि ती नसेल तर आतल्या फाइलींना मुकावं लागतं.

शुक्रवारी १७ तारखेला कंपनीचं मेल आलं. सरळ भाषेत लिहिलं होतं: तुमच्या लॉकचा ड्रायव्हर जुन्या पद्धतीच्या सहीचा आहे. सिक्युअर बूट चालू असलेल्या नव्या सिस्टिमवर तो घेतला जात नाही, आणि त्या लॉकसाठी नवीन ड्रायव्हर निघणार नाही. उपाय म्हणजे अदलाबदल, ४,२०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ४,९५६. त्यात नवीन लॉक आणि सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती. हे नवीन लॉक विंडोज कीबोर्ड-माउसच्याच जातीतलं उपकरण म्हणून ओळखते, त्यामुळे त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

इथपर्यंत ठीक. मेलच्या खाली कागदांची यादी होती आणि खरी कसोटी तिथे होती, कारण लायसन्स सासऱ्यांच्या छापखान्याच्या नावावर. लॉकचा दोन्ही बाजूंनी फोटो, मूळ बिल, सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला, छापखाना बंद झाल्याचं आणि सॉफ्टवेअर मी वापरते असं सांगणारं नोटरीचं शपथपत्र, बाकी वारसांचं ना-हरकत पत्र, माझं ओळखपत्र स्वतः सही करून. ऑफिस २० ते २३ दिवाळीसाठी बंद.

आणि इकडे घड्याळ चालू होतं. विंडोज ११ वरून १० वर परत जाता येतं, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, मग गो बॅक. पण ही सोय अपग्रेडनंतर फक्त १० दिवस असते. म्हणजे माझ्यासाठी ऐन दिवाळीत संपणार. हा काळ ६० दिवसांपर्यंत वाढवता येतो, मात्र १० दिवस उलटण्याच्या आत. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डिझम नावाच्या कमांडने ते होतं. भाच्याने व्हॉट्सॲपवर ती ओळ पाठवली आणि मी ३० दिवस करून घेतले. जुनी सिस्टिम विंडोज ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये असते. ते फोल्डर बरंच मोठं असतं, म्हणून डिस्क साफ करताना ते उडवायचा मोह होतो. उडवलंत की परतीचा रस्ता बंद. मला परत जावं लागलं नाही, पण दिवाळीत झोप लागली ती त्या ३० दिवसांमुळे.

मधल्या काळात गल्लीतल्याच एका काकूंच्या मुलीच्या पत्रिकेचं काम आलं होतं. "तुझ्याकडूनच करून घ्यायची आहे" म्हणाल्यावर नाही कसं म्हणणार? विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आयता असतो, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की मिळतो. त्यावर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, मॅटर टाइप केलं. वर्षानुवर्षांच्या सवयीची बोटं, पहिल्या दिवशी वैताग आला. प्रूफ काकूंना दाखवलं तर त्यांनी चष्मा वर सरकवला. "मजकूर बरोबर आहे गं, पण हा ल आपला नाही वाटत. आणि श पण बघ." फॉन्टमधली ती दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची होती. एरवी कुणाचं लक्ष गेलं नसतं, पण लग्नपत्रिकेत हीच अक्षरं जागोजागी: लग्न, शुभ, लक्ष्मी, शके १९४७. मग मराठी वळणाचा मोफत युनिकोड फॉन्ट शोधून लावला, तेव्हा काकूंनी मान हलवली. तुमच्याकडेही मराठीचं लॉक असेल तर असा एक फॉन्ट आत्ताच टाकून ठेवा, लॉक नसतानाही काम अडत नाही.

कागदांपैकी बिल सासऱ्यांच्या फायलीत मिळालं. जीएसटीच्या आधीचं, व्हॅट लावलेलं, आणि कार्बन कॉपी, तीही पिवळी पडलेली. काळं-पांढरं स्कॅन केलं तर नुसता कोरा कागद दिसे. ग्रेस्केलवर ३०० डीपीआय ठेवून स्कॅन केल्यावर छापखान्याचं नाव आणि लॉकचा नंबर उमटला. दीर पुण्याला, नणंद देवासला. दोघांनी साध्या कागदावर ना-हरकत लिहून सही केली आणि फोटो पाठवले. दिरांनी सोबत विचारलंही, "अजून चालू आहे ते बाबांचं?"

शपथपत्र भाऊबीजेनंतरच झालं. कोर्टाजवळच्या नोटरीकडे सोमवारी २७ तारखेला गेले. स्टँप, टायपिंग आणि नोटरी मिळून ३५० रुपये. टायपिस्टने हिंदीत मसुदा केला आणि छापखान्याचं नाव चुकवलं, ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं. नाव बिलावर जसं आहे अक्षरशः तसंच हवं, हे आधीच बजावून सांगा. त्याच संध्याकाळी सगळं एका पीडीएफमध्ये मेल केलं, विषयाच्या ओळीत तक्रार क्रमांक टाकून. मूळ शपथपत्र दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टने पाठवलं. बुधवारी २९ ला मंजुरी आली आणि एनईएफटीने पैसे भरले. पैसे भरताना जीएसटीचं बिल आता माझ्या नावावर करायला सांगितलं, हे विसरू नका.

नवीन लॉक मंगळवारी, ४ नोव्हेंबरला आलं. तुळशीचं लग्न दोन दिवसांपूर्वी झालं होतं आणि दोन पत्रिका माझ्या डोक्यावर होत्या. लावलं, डिव्हाइस मॅनेजर उघडून ठेवलं होतं, त्यात एक ओळ गुपचूप वाढली, पिवळा त्रिकोण नाही. नवीन आवृत्ती टाकली आणि चौदा वर्षांच्या जुन्या फाइली उघडून बघितल्या. मजकूर जसाच्या तसा आला, फक्त काही जोडाक्षरांतलं अंतर हललं होतं. जुना अहवाल पुन्हा छापायचा असेल तर प्रूफ नव्याने वाचायला हवं. नव्या आवृत्तीत युनिकोडमध्ये बदलून देणारा कन्व्हर्टरही आहे. वेळ मिळेल तसा त्यातून जुन्या फाइली काढून ठेवतेय, म्हणजे पुढच्या वेळी लॉकवर सगळं अवलंबून राहणार नाही.

जुनं लॉक ३० दिवसांत परत पाठवायचं होतं, नाहीतर पूर्ण किमतीचं बिल. ते पाठवलं, कुरिअरचे ८० रुपये, पोचपावती मेलमध्येच जपून ठेवलीय.

प्रिंटरचं मात्र अजून थोडं राहिलं आहे. ट्रेसिंग नीट निघतं, स्कॅन एनएपीएस२ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून होतं, पण मशीनवरचं स्कॅनचं बटण दाबलं तर काहीच घडत नाही, कारण कंपनीचा तो जुना प्रोग्रॅम विंडोज ११ वर उघडत नाही. टेक्निशियन म्हणाला, "हे काढून नवीनच घ्या. आपल्याकडे कचऱ्याच्या गाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहेच." गाडी रोज सकाळी येते खरी, पण प्रिंटर काही मी तिच्यात टाकणार नाही. बटणाशिवाय चालतंय.